शेजारी गावाला गेल्यावर

(मिशनच्या साहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात अलिबाग येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)





मला विषय दिला आहे, "स्थलांतरितांची सेवा आणि मंडळीचा इतिहास". इतिहास म्हटला की सनावळी आली. सने मी सांगणार आहे, पण मोजकीच. कारण दिवाळीला आता थोडेच आठवडे उरले आहेत. तुळशीचे लग्न लागले की आपल्या भागातल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतील. वीटभट्टीचे टेम्पो येतील. त्याआधी यंदाचा निधी कशाकशावर खर्च करायचा हे आज दुपारच्या बैठकीत ठरायचे आहे. तो निर्णय घेताना उपयोगी पडेल एवढाच इतिहास मी सांगतो.

कोकणातून मुंबईला

आपला जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जात होता. कुलाबा, रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांनी मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवली. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. त्यानंतर शंभर वर्षे आपल्या किनाऱ्यावरच्या गावांचा एक पाय मुंबईत होता. १९२१ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईत राहणाऱ्या दर शंभर माणसांपैकी ऐंशीहून अधिक माणसे मुंबईबाहेर जन्मलेली होती. म्हणजे ते शहरच मुळी उपऱ्यांचे होते.

माझे आजोबा त्यांतलेच. रेवसहून बोटीने गेले आणि गिरणीत साच्यावर लागले. राहायला गावकीची खोली. एका खोलीत गावचे पंधरा-वीस पुरुष. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. जेवायला खानावळ, खानावळ चालवणारी बाई बहुधा गावाकडचीच. महिनाअखेरीस घरी मनिऑर्डर. शिमग्याला आणि गणपतीला बोट भरून माणसे परत यायची. त्या बोटीच्या प्रवासाने या किनाऱ्याला किती दुःख दिले तेही आपण विसरलेलो नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. दिव्याच्या अवसेला घरी निघालेली माणसे होती ती. या बाजूच्या कोळी बांधवांनी आपली होडकी घालून जमतील तेवढे जीव वाचवले.

आजोबांच्या काळाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे. आजोबांचे हाल झाले, पण ते एकटे नव्हते. त्यांच्या मागे गावकी होती. खोली होती. गावात घर होते, घराखाली स्वतःची जमीन होती. आणि ते मुंबईत असताना त्या घराकडे शेजारी बघत होता. आपल्याकडे अजूनही माणूस परगावी निघाला की शेजाऱ्याला सांगून निघतो. "जरा घराकडे बघ रे." एवढे म्हटले की पुरते. मागे गळके कौल फिरवले जाते, परसातल्या माडाचे नारळ उतरवले जातात, तलाठी आला तर शेजारीच सांगतो की हे घर अमक्याचे, तो मुंबईला आहे, शिमग्याला येईल.

नागपाड्याचे शेजारघर

आता मंडळीने काय केले ते सांगतो.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ साली मुंबईत उतरले. शाळा, छापखाना, दवाखाना, 'ज्ञानोदय' हे सगळे आपण जाणतो. पण मुंबईत जसजशी गिरण्यांची वस्ती वाढली तसतसा मिशनपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. उपासनेला येणारी कुटुंबे मोजकी, आणि उपासनामंदिराच्या भिंतीबाहेर हजारो माणसे अशी, की जी कालपर्यंत शेतात होती आणि आज एका दहा बाय दहाच्या खोलीत. पोटाला आहे, पण तब्येत गेलेली. पगार आहे, पण तो पठाणाच्या व्याजात. पोरे रस्त्यावर. संध्याकाळी जायला जागा एकच, ती म्हणजे दारूचा गुत्ता.

हाच प्रश्न याआधी लंडनमध्ये पडला होता. तिथे व्हाइटचॅपल या गरीब वस्तीतले पाळक सॅम्युएल बार्नेट आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी १८८४ साली टॉयन्बी हॉल सुरू केला. कल्पना साधी होती. शिकलेल्या माणसांनी गरिबांच्या वस्तीत अधूनमधून दानधर्म करायला जायचे नाही, तर तिथेच राहायला जायचे. पाच वर्षांनी शिकागोत जेन अॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी हल हाऊस उघडले. इटली, पोलंड अशा देशांतल्या खेड्यांतून आलेली कुटुंबे त्या वस्तीत होती.

शिकागोतच शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते १९२५ साली मुंबईत आले. १९२७ साली त्यांनी नागपाड्यात 'नागपाडा नेबरहूड हाऊस' सुरू केले. मराठीत म्हणायचे तर शेजारघर. नागपाडा का, हे सहज लक्षात येईल. प्लेगनंतर १८९८ साली मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला, आणि ट्रस्टने सुधारणेसाठी सर्वांत आधी हाती घेतलेला भाग नागपाडाच होता. जुनी दाटी पाडून चाळी उभ्या केल्या होत्या. पलीकडे कामाठीपुरा. मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती, यहुदी सगळे एकमेकांना खेटून.

त्या यहुद्यांतले कितीतरी तर आपल्याच किनाऱ्यावरचे. नवगावच्या किनाऱ्यावर ज्यांच्या पूर्वजांची बोट फुटली असे परंपरा सांगते, जे शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेले, ते बेने इस्राएल. पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर, चेऊलकर ही त्यांची आडनावे पाहा. माणूस मुंबईत गेला तरी गाव नावात बांधून घेऊन गेला. अमेरिकन मिशनने या समाजासाठी आपल्या भागात शाळा चालवल्या होत्या. म्हणजे मंडळीची त्यांच्याशी ओळख जुनीच होती.

शेजारघरात काय होते? वाचनालय होते. मुलांसाठी खेळ, व्यायाम आणि बालवर्ग होता. आया-बाळांसाठी दवाखाना होता. मोठ्यांना शिकण्याची सोय होती. आणि शहराच्या प्रश्नांवर व्याख्याने होत. त्या व्याख्यानांची पुस्तकेही निघाली, १९३० साली एक आणि १९३४ साली दुसरे. घरे, आरोग्य, मजुरी, दारू अशा प्रश्नांवर जाणकारांनी बोलावे आणि चाळीत राहणाऱ्यांच्या शेजारी बसून बोलावे, ही त्यामागची दृष्टी.

येणाऱ्याला त्याचा धर्म विचारला जात नसे. आणि दवाखान्याच्या औषधाला उपदेशाची अट नव्हती. त्या काळात हे सगळ्यांना रुचले असेल असे नाही. मिशनचा पैसा, आणि उपदेश नाही? पण मॅनशार्ट यांचा विचार पक्का होता. पुढे १९४९ साली त्यांनी मिशनऱ्यांविषयीचे महात्मा गांधींचे लेखन निवडून एक पुस्तकही संपादित केले. ज्याने आपल्यावर टीका केली त्याचे म्हणणे आपल्या माणसांनी ऐकावे म्हणून कष्ट घेणारा माणूस होता तो.

एका घरातून विद्यालय

शेजारघर चालवताना मॅनशार्ट यांना एक अडचण वारंवार आली. दया असलेली माणसे पुष्कळ होती, पण काम जाणणारी माणसे नव्हती. दया चार दिवस टिकते. हिशेब ठेवणे, घरोघर जाऊन चौकशी करणे, सरकारी कायदा समजून घेणे, न रागावता ऐकून घेणे, हे शिकावे लागते. सर दोराबजी टाटा १९३२ साली वारले. त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या ट्रस्टच्या विश्वस्तांना मॅनशार्ट सल्ला देत. त्यातून १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. कुठे? नागपाड्याच्या त्याच शेजारघरात. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी, दोन वर्षांचा अभ्यासक्रम, पहिले संचालक मॅनशार्ट. वर्गात जे शिकायचे ते खाली वस्तीत जाऊन करायचे.

१९४१ साली मॅनशार्ट मायदेशी परतले आणि डॉ. जे. एम. कुमारप्पा संचालक झाले. १९४४ साली विद्यालयाचे नाव बदलून 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' झाले. १९५४ पासून ती संस्था देवनारला आहे. आज आपल्या तालुक्यात एखादी समाजसेविका बचत गटाचे दप्तर तपासताना दिसली, एखादा कार्यकर्ता आदिवासींच्या वनहक्काचे दावे भरताना दिसला, तर त्याच्या शिक्षणाची मुळे कुठे ना कुठे नागपाड्याच्या त्या जिन्यापर्यंत पोहोचतात. मंडळीने सुरू केलेले काम मंडळीच्या हातातून मोठे होऊन बाहेर गेले. मला त्यात नुकसान दिसत नाही. पीक वाटले गेले तर शेतकरी रडत नाही.

आणि आपले कातकरी?

बंधूंनो आणि भगिनींनो, आता तुम्ही म्हणाल, नागपाड्याचे ऐकले, पण हे मिशन तर आदिवासींसाठी आहे. खरे आहे. म्हणून त्याच काळात आपल्या डोंगराच्या पायथ्याशी काय चालले होते ते पाहू.

१९३४ साली, म्हणजे नागपाड्याचे दुसरे व्याख्यानांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, ए. एन. वेलिंग यांचा कातकरी समाजावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. कातकरी हे नाव ज्या कामावरून पडले ते, म्हणजे खैरापासून कात काढायचे काम, तोवर बहुतेक सुटले होते. १८७८ च्या वन कायद्याने जंगल सरकारचे झाले. जो कात करायचा त्याला ठेकेदाराने लाकूड तोडायला आणि कोळसा पाडायला लावले. त्याने जंगलासाठी काय केले हेही आपला जिल्हा जाणतो. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हे नाव आहे.

कोळसा पुढे मागे पडला. मुंबई वाढली, मग नवी मुंबई वाढली, विटा लागू लागल्या. कातकरी भट्टीवर गेला. माझे आजोबा आणि कातकरी, दोघेही पोटासाठी गाव सोडून गेले. पण दोघांच्या जाण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आजोबांनी काम मिळाल्यावर पगार घेतला. कातकरी आधी पैसे घेतो आणि मग काम करतो. पावसाळ्यात लावणीची मजुरी संपली की श्रावण-भाद्रपदात घरात दाणा नसतो. नदीचे मासे, चिंबोऱ्या, रानातले कंद यांवर किती दिवस काढायचे? कोणी आजारी पडते, कोणाचे लग्न निघते. मुकादम येतो आणि उचल देतो. ती उचल हिवाळा-उन्हाळा भर फेडायची. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, तेवढ्यात तेल-मीठ-तांदूळ आणायचा. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने. अवकाळी पावसात कच्च्या विटा विरघळल्या की त्या हिशेबात धरल्या जात नाहीत. शेवटी मुकादम वही उघडतो. वही त्याची, लिहिणारा तो, वाचणाराही तोच. अंगठा आपल्या माणसाचा. पुष्कळदा सहा महिने राबून अंगावर बाकी निघते, आणि पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जावे लागते. १९७६ साली देशात वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. अशी उचल फेडण्यासाठी माणसाला बांधून ठेवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा वाचून दाखवणारा शेजारी भट्टीवर नसतो.

आजोबा एकटे गेले आणि बायका-मुले गावात राहिली. कातकरी सगळे घर घेऊन जातो. नवरा माती कालवतो, बायको साच्यात घालते, पोरे ओल्या विटा उलथतात आणि धाकट्याला सांभाळतात. पटावरचे नाव मागे राहते आणि पोर पुढे जाते.

आणि तिसरा फरक, जो मला सर्वांत मोठा वाटतो. आजोबांचे घर त्यांच्या जमिनीवर होते. कातकऱ्याची वाडी पुष्कळ ठिकाणी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे. तीन-तीन पिढ्या तिथेच, पण कागदावर कुठे नाव नाही. पूर्वी जमीनमालकालाही राबायला माणसे हवी होती, म्हणून तो काही बोलत नसे. आता अलिबागपासून मुरुडपर्यंत जमिनीला काय भाव आला आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. अटल सेतू झाला, मुंबई जवळ आली. सहा महिने वाडी रिकामी असते. त्या सहा महिन्यांत कुंपण पडले, तर परत आलेल्या माणसाने कोणाला विचारायचे? कोण सांगणार, हे घर अमक्याचे, तो भट्टीला गेला आहे, मिरगाच्या आधी येईल?

हे सांगायला शेजारी लागतो.

रूथची गोष्ट पुन्हा एकदा

आपण रूथचे पुस्तक वाचतो तेव्हा सून-सासूच्या प्रेमावर बोलतो. एकदा ते स्थलांतराची गोष्ट म्हणून वाचा. सुरुवातच दुष्काळाने होते. बेथलेहेमचे कुटुंब पोटासाठी मवाबात जाते. पुरुष तिकडेच मरतात. नामी परत येते ती रिकाम्या हाताने. सोबत परकी सून. नियमशास्त्राने गरीब आणि उपरी यांच्यासाठी शेताच्या कडा न कापता ठेवायला सांगितले होते, म्हणून रूथला सरवा वेचता आला. बवाजाने आणखी थोडे केले. गड्यांना सांगून ठेवले की तिला कोणी छळू नये, आणि पेंढ्यांतून मुद्दाम कणसे टाकावीत.

आपल्या मदतीची मजल बहुधा इथवरच जाते. सरवा. ब्लँकेट, फराळ, वह्या-पेन्सिली. सरवा वाईट नाही, त्यावर त्या दोघी जगल्या. पण ती गोष्ट खळ्यावर संपत नाही. ती वेशीवर संपते. बवाज वेशीत जाऊन बसतो, दहा वडीलधाऱ्यांना बोलावतो आणि नामीच्या नवऱ्याच्या जमिनीचा प्रश्न साक्षीदारांपुढे सोडवतो. त्या कुटुंबाचे नाव गावातून पुसले जाऊ नये, यासाठी. पोटाची सोय शेतात झाली, पण नावाची सोय वेशीत झाली. आजच्या भाषेत वेस म्हणजे तलाठी कार्यालय, ग्रामपंचायत, शाळेचा पट, रेशनचे दुकान.

आपण काय करू शकतो

नागपाड्याचे घर एका जागी उभे राहू शकले, कारण चाळीतला माणूस एका जागी होता. आपला शेजारी वर्षातून दोनदा हलतो. म्हणून नागपाड्याची नक्कल आपल्या उपयोगाची नाही. इमारत बांधू नका, असेच मी म्हणेन. निम्मे वर्ष तिला कुलूप लागेल. पण नागपाड्याने घालून दिलेली रीत आपल्या उपयोगाची आहे. आधी चौकशी, मग मदत. धर्म न विचारता दार उघडे. आणि दयाळू माणसांना काम शिकवणे.

यावरून तीन गोष्टी बैठकीपुढे ठेवतो.

पहिली, जाण्यापूर्वीची. दिवाळीआधी आपल्या मंडळीतल्या दोघा-दोघांनी एकेक वाडी घ्यावी आणि घरोघर जाऊन वही करावी. कोण, किती माणसे, कोणत्या भट्टीला, कोणता मुकादम, उचल किती. त्याची एक प्रत त्या कुटुंबाच्या हातात, एक आपल्याकडे. मुकादमाच्या वहीला दुसरी वही मिळाली की पुष्कळ आकडे आपोआप सरळ होतात. भांडण करायला जायचे नाही. फक्त लिहून ठेवायचे. गरज पडली तर तहसीलदारांकडे जायला हातात काहीतरी असेल.

याच फेरीत कागद पाहावेत. रेशनकार्ड, आधार, मुलांच्या लसीचे कार्ड, जातीचा दाखला. कातकरी समाजाची गणना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केली आहे. महाराष्ट्रात असे तीनच समाज आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी या गटांसाठी पंतप्रधान जनमन योजना सुरू झाली, तिच्यात घरे आहेत, रस्ते आहेत. पण दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्याचे घरच कागदावर नाही त्याने आजोबाचा कागद कुठून आणायचा? शाळेच्या जुन्या पटात, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत तो शोधावा लागतो. आपल्या मंडळीत निवृत्त शिक्षक आहेत, निवृत्त ग्रामसेवक आहेत. जुनी मोडी अक्षरे वाचणारे एक-दोन वडीलधारेही आहेत. हे काम त्यांच्याइतके चांगले कोण करील?

दुसरी गोष्ट, ते गेल्यावरची. मुलांना मागे ठेवता आले तर उत्तम. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. शाळा व्यवस्थापन समितीने वेळेत मागणी करावी लागते. मागणी कोणी करत नाही, म्हणून ते होत नाही. आजी-आजोबा वाडीत राहणार असतील तर मुले त्यांच्याजवळ राहतील, आपण दोन वेळच्या जेवणाला हातभार लावू. आणि जी मुले जातीलच, त्यांच्यासोबत शिक्षण हमी पत्रक द्यायला शाळेला सांगू, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत त्यांना बसता येईल. 'एक देश, एक रेशनकार्ड' मुळे धान्यही जवळच्या दुकानात मिळू शकते, पण हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. भट्टी पेण किंवा पनवेलकडे असेल तर तिथल्या मंडळीला आपण पत्र लिहू, "आमची इतकी माणसे तुमच्याकडे आली आहेत, एकदा जाऊन भेटा." प्रेषितांच्या काळापासून मंडळ्या एकमेकींना अशी पत्रे लिहीत आल्या आहेत.

मागच्या वर्षी मी एका वाडीत गेलो होतो. चौथीतली मुलगी वैशाखात भट्टीवरून परतली होती. शाळेच्या पटावर तिचे नाव उरले नव्हते. मी तिला विचारले, "शाळेत जाणार का गं?" ती म्हणाली, "बाई बोलल्या, तू आता नाहीस." तिच्या मनात ते वाक्य जसे बसले होते तसेच तिने सांगितले. पटावर नाहीस, असे बाईंना म्हणायचे असेल. पोरीने ऐकले ते, तू नाहीस. पुढे बाईंनीच धावपळ करून तिचे नाव पुन्हा घातले, हेही सांगितले पाहिजे. पण प्रत्येक पोरीच्या मागे कोणी विचारायला जातेच असे नाही.

तिसरी गोष्ट, घराखालच्या जमिनीची. ही सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाची. गावठाण ठरवण्याचा आणि वाढवण्याचा अधिकार जमीन महसूल कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना आहे. वनजमिनीवरची वस्ती असेल तर २००६ चा वनहक्क कायदा आहे. जमीन खासगी असेल तर मालकाशी बोलावे लागेल. त्यांतले काही मालक आपल्या ओळखीचे आहेत. एक-दोन तर आपल्याच मंडळीतले आहेत, हे आपण सगळे जाणतो. त्यांच्याशी कोर्टाच्या नोटिशीने नव्हे, त्यांच्या घरी बसून, चहा घेत बोलता येईल. आपल्या जिल्ह्यात कर्जतजवळ कशेळे येथील अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने कातकरी वाड्यांच्या जमिनीच्या प्रश्नावर वाडीतल्या लोकांनाच सोबत घेऊन अभ्यास केला आहे. त्यांच्याकडून शिकायला आपल्याला कमीपणा नाही. सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनाही या जिल्ह्यात आदिवासींच्या जमिनीसाठी वर्षानुवर्षे झटत आल्या आहेत. आपण या कामात पहिले नाही आहोत, आणि पहिले असण्याची गरजही नाही.

खर्चाविषयी दोन शब्द

खजिनदार माझ्याकडे बघत आहेत. त्यांना सांगतो, या तीन कामांना पैसा थोडा लागेल. वह्या, एसटीचे भाडे, झेरॉक्स, दाखल्यांची फी, आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांचे तांदूळ-डाळ. जे जास्त लागेल ते म्हणजे आपला वेळ. ब्लँकेट वाटायला एक रविवार पुरतो. वही ठेवायला कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत महिन्यातले दोन शनिवार लागतील. ब्लँकेट वाटपाचा फोटो निघतो, आणि आपल्या वार्तापत्रात तो छापूनही येतो. तलाठी कार्यालयाच्या बाकावर दोन तास बसलेल्या बहिणीचा फोटो कोणी काढत नाही. म्हणून देणगीदारांना मी विनंती करतो की यंदा वार्तापत्रात फोटो कमी दिसले तर मन खट्टू करू नका. त्याऐवजी ज्येष्ठात आपण एक यादी छापू. नावे नाहीत, फक्त आकडे. किती कुटुंबे गेली, किती परत आली, किती मुलांची नावे पटावर टिकली, किती जणांना दाखला मिळाला, किती घरे होती तिथेच उभी आहेत. आकडे लहान निघाले तरी खरे छापू.

मॅनशार्ट मुंबईत आले तेव्हा परके होते. पंधरा-सोळा वर्षे राहून, माणसे तयार करून, काम दुसऱ्याच्या हाती सोपवून ते गेले. आपण तर इथलेच आहोत. आपली भाषा कातकऱ्याला कळते, त्याची थोडीफार आपल्याला. त्याच्या वाडीकडे जाणारी पायवाट आपल्या शेताच्या बांधावरून जाते. त्याच्या बायकोने आपल्या खाचरात भात लावला आहे. तो आपला शेजारी आहे, हे ठरवण्यासाठी आपल्याला कोणत्याही ठरावाची गरज नाही. ठराव हवा आहे तो एवढाच, की तो गावाला गेल्यावर त्याच्या घराकडे कोण बघणार. वाड्यांची यादी आणि कोऱ्या वह्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जेवणाच्या सुट्टीत ज्याला जी वाडी जवळ पडेल तिच्यापुढे आपले नाव लिहावे.

प्रभू आपणांस या कामासाठी बळ देवो.